‘भानगड’ छापणाऱ्यांचा धंदा आणि आपली माणसे

नाशिकच्या न्यायालयाच्या आवारात चहाच्या वेळी आमच्या वकील मित्रांच्या हाती वर्तमानपत्र असते आणि चर्चा असते कुठल्या नटीने कुणाशी काडीमोड घेतला याची. आम्हीही ऐकतो, खोटे कशाला बोला? भगवान बुद्धांनी सम्यक वाचा सांगताना वायफळ बडबड आणि चहाडी वर्ज्य सांगितली, हे तेवढ्यापुरते विसरले जाते. पण या चटकदार पत्रकारितेची किंमत आपल्या वस्त्यांनी मोजली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबईत १९३५ साली बाबुराव पटेलांनी ‘फिल्मइंडिया’ काढले. १९४१ मध्ये रुसी करंजियांचे ‘ब्लिट्झ’ आले. या साप्ताहिकाने सत्ताधाऱ्यांना घाम फोडला हे मान्य. पण नानावटी खटल्यात त्याने काय केले? २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचा कमांडर कावस नानावटी याने पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. ब्लिट्झने आरोपीला नायक आणि मेलेल्याला खलनायक केले. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना खपला. रस्त्यावर आहुजाच्या नावाचे टॉवेल आणि नानावटीच्या नावाची खेळण्यातली पिस्तुले विकली गेली! नऊपैकी आठ ज्युरींनी आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. तरीही १९६४ मध्ये राज्यपालांच्या माफीने हा गृहस्थ सुटला. गणवेश आणि प्रतिष्ठा असलेल्या आरोपीमागे अख्खा छापखाना उभा राहिला होता. आपल्या कुठल्या आरोपीमागे असा छापखाना कधी उभा राहिला?

१९७१ मध्ये नारी हिरा यांचे ‘स्टारडस्ट’ निघाले. राजेश खन्नाचे गुपचूप लग्न झाले काय, हा पहिल्याच अंकाचा सवाल. नट चिडत, खटल्याच्या धमक्या देत आणि पुन्हा मुलाखतीही देत. त्यांचे त्यांनी बघावे, आम्हाला त्याचे सुखदुःख नाही. ज्याच्याकडे वकील आहे, तो उत्तर देऊ शकतो.

ज्याच्याकडे नाही त्याचे काय? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे जातीयवादी जमावाने ठार मारले. नातेवाईकाला झालेल्या मारहाणीत मायलेकींनी आरोपी ओळखले, त्याआधी शेतातून रस्ता काढण्याचा वाद होता. आणि सुरुवातीच्या बातम्यांत काय छापून आले? ‘अनैतिक संबंधातून हत्या’! सिनेमाच्या मासिकांतला साचा उचलून आमच्या मायबहिणीच्या प्रेतावर ठेवला. त्यात जात दिसेनाशी झाली. समाज रस्त्यावर उतरला तेव्हा कुठे खरे बाहेर येऊ लागले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद केली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही ठिकाणी लागला नाही. तो केवळ बातम्यांमुळे लागला नाही असे आम्ही म्हणणार नाही, तपासाचा गलथानपणाही होताच. पण पहिल्या दिवसांत जातीचे नावच निघाले नाही, तर जातीचा पुरावा कोण गोळा करणार?

बरोबर चौदा वर्षांनी, २९ सप्टेंबर २०२० ला, हाथरसच्या वाल्मीकी समाजातील मुलीने दिल्लीत प्राण सोडला. तेव्हा दूरचित्रवाणी वाहिन्या कित्येक आठवडे सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूत रंगल्या होत्या. हाथरसकडे वळल्या, तर थोड्याच दिवसांत आरोपी आणि मुलीच्या घरच्यांमधील फोन कॉल मोजू लागल्या. तोच साचा! सुशांतसिंह प्रकरणातील अशा वार्तांकनाने न्यायदानात अडथळा येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात म्हटले आहे. तो निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा.

बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्याच्या भाषणात वृत्तपत्राच्या धंद्याची तुलना साबणाच्या कारखान्याशी केली होती. साबण निदान अंग तरी धुतो.

आता कामाचे. प्रेस कौन्सिल दंड करू शकत नाही, फक्त ताकीद देते किंवा निषेध नोंदवते, आणि वाहिन्या तिच्या कक्षेतच नाहीत. म्हणून तिला हसू नका. आधी संपादकाला लेखी कळवावे लागते, दैनिकाविरुद्धची तक्रार दोन महिन्यांत करावी लागते, आणि आपले लोक मोर्च्यात ही मुदत घालवतात. बलात्कारपीडितेची ओळख छापणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, पीडिता मृत असली तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे संरक्षण मान्य केले आहे. गावात अत्याचार घडला की एफआयआरच्या प्रतीसोबत त्या आठवड्याची सगळी कात्रणे तारखेसह जपून ठेवा. नाशिक जिल्ह्यातली असतील तर आमच्याकडे आणून द्या, तक्रारीचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ.