मला छोटीच गाडी हवी

गेल्या रविवारी चहा घेता घेता आमच्याकडे गाडीचा विषय निघाला. माझी अल्टो २०१२ सालची. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, ते आता संपत आलंय. पुढं वापरायची तर आरटीओत तपासणी, पर्यावरण कर, मग पाच वर्षं वाढवून मिळतात. ‘‘त्यापेक्षा काढून टाकू आणि जरा मोठी घेऊ,’’ हे म्हणाले. दीरांनी लगेच मोबाइलवर उंचच्या उंच गाड्यांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. सासूबाईंनाही पटलं. लग्नकार्याला सगळे ऐसपैस बसतील, दारात उभी राहिली की शोभेल. मी एकटीच म्हणाले, ‘‘मला छोटीच हवी.’’ सगळे असे बघायला लागले, जणू मी सोन्याचं सोडून पितळेचं मंगळसूत्र मागितलं!

मैत्रिणींनो, ही गाडी माझ्याकडे आली कशी ते आधी सांगते. आम्ही कराडला राहतो आणि माझी शाळा मल्हारपेठच्या पुढं एका गावात. येऊन-जाऊन साठेक किलोमीटर. एसटी मुख्य रस्त्याला सोडायची. तिथून आत वडाप मिळालं तर मिळालं, नाहीतर अडीच किलोमीटर पायपीट. पावसाळ्यात साडी गुडघ्यापर्यंत चिखलाची. संध्याकाळी घरी यायला सात-साडेसात व्हायचे. लेक तेव्हा तिसरीत होती. तिच्या गॅदरिंगला सलग दोन वर्षं मी पोचले तेव्हा मंडप सोडायला घेतला होता. पहिल्या वर्षी ती रडली, दुसऱ्या वर्षी रडलीसुद्धा नाही. ते मला जास्त लागलं. २०१६ साली सोसायटीचं कर्ज काढलं आणि चार वर्षं वापरलेली ही अल्टो घेतली.

पैशाचा हिशेब खरा खरा मांडते. जाहिरातीत ॲव्हरेज काहीही सांगू देत, माझी गाडी लिटरला १८-१९ किलोमीटर देते. पेट्रोल शंभरीच्या वर. म्हणजे रोजचे सव्वातीनशे-साडेतीनशे आणि महिन्याचे आठ हजारांच्या आसपास. वाटेवरच्या दोघी बाई माझ्याबरोबर येतात, पेट्रोल तिघीत वाटतो, म्हणून परवडतं. त्यात १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धंच तिकीट. नुसत्या रुपयांत मोजलं तर गाडी हरते, हे मी मान्य करते. पण मी पावणेसहाला घरात असते. हा दीड-दोन तासांचा रकाना कुणाच्याच वहीत नसतो.

आता जरा दुखणं सांगते. कर्ज माझं, हप्ते माझ्या पगारातून. पण गाडी नावावर करताना एजंटनं विचारलं, ‘‘साहेबांच्याच नावावर ना?’’ आणि मीही मान डोलावली. तिथंच चुकलं. गाडी ‘घरची’ झाली. रविवारी कुणीतरी लग्नाला न्यायचं, कुणी देवदर्शनाला. सोमवारी सकाळी मी बसले की काटा रिझर्व्हला! एकदा तर सोमवारीही परत आली नाही. मी मुकाट्यानं स्टँड गाठला.

डोळे उघडले ते विमा भरताना. विमा काढून देणाऱ्या ताईंनी सहज विचारलं, ‘‘मॅडम, रोज चालवता तुम्ही आणि आरसी साहेबांच्या नावावर?’’ विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो आरसीवर ज्याचं नाव, त्याला. म्हणजे रोज साठ किलोमीटर स्टिअरिंगमागं मी, आणि उद्या काही झालं तर त्या विम्यात मी कुणीच नाही! त्या दिवशी यांना शांतपणे समोर बसवलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून गाडी माझ्या नावावर झाली, विमाही बदलून घेतला. आणि गंमत म्हणजे, तेव्हापासून दीरही ‘‘वहिनी, रविवारी गाडी नेऊ का?’’ असं विचारायला लागले.

माझं म्हणणं एवढंच आहे, की जी बाई रोज गाडी घेऊन कामाला जाते, तिच्याच नावावर ती असावी आणि तिलाच झेपेल अशी असावी. मोठी गाडी आली की ‘तुला आपल्या बोळात वळवता येईल का?’ हे आलंच. विट्याच्या माझ्या एका मैत्रिणीचं हेच झालं. तिची छोटी गाडी एक्स्चेंजमध्ये गेली, दारात मोठी आली, आणि ती पुन्हा एसटीच्या रांगेत! छोट्या गाडीवर कुणाचा डोळा नसतो, म्हणून ती आपल्या हातात राहते.

यांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. उसाच्या हंगामात त्या रस्त्यावर ट्रॉल्यांच्या रांगा असतात, आणि माझ्या जुन्या गाडीत एअरबॅग नाही. संध्याकाळी अंगावर लाइट आले की पोटात गोळा येतो. म्हणून जुनी चालवत राहायचा हट्ट मी सोडला. पण आता छोट्या अल्टोतही सहा एअरबॅग येतात. शिवाय चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. लग्नकार्यं वर्षातून चार. त्या दिवशी भाड्यानं गाडी करू की!

शनिवारी गाड्या बघायला जायचंय. शोरूममधल्या मुलानं यांच्याकडे बघून ‘‘कुणाच्या नावावर?’’ असं विचारलं, तर उत्तर मी द्यायचं, एवढं आमच्यात ठरलंय. रंगावरून मात्र अजून भांडण चालू आहे. लेकीला लाल हवी, मला धुळीत न दिसणारी.