आधी तळ तपासा, मग विमा उतरवा

नारळी पौर्णिमा झाली की दिघीत शाकारलेल्या होड्या पाण्यात उतरू लागतात. पावसाळ्यात बंद असलेला जंजिरा किल्ला उघडला की पर्यटक येतात, दसरा-दिवाळीत धक्क्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. याच घाईत होडीचा तळ आणि विमा या दोन्ही गोष्टी मागे पडतात. होडीमालकांनो, पहिला माणूस चढण्याआधी ही दोन्ही कामं उरकून घ्या, आणि तळाचं काम आधी करा.

लाकडी होडी महिनोन्‌महिने कोरडी राहिली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. सांधे भरून, रोगण लावून झालं म्हणून लगेच माणसं बसवू नका. एक अख्खी रात्र ती रिकामी पाण्यात ठेवा आणि सकाळी आत किती पाणी आलंय ते पाहा. फायबरच्या होडीत इंजिन लटकतं ती मागची फळी आतून कुजते. वरून रंग चकचकीत दिसतो, पण ठोकल्यावर भद्द आवाज येतो. इंधनाच्या टाकीत तळाशी साचलेलं पाणी काढा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातलं रबरी चक्र दर हंगामाला बदला. त्याचा खर्च किरकोळ असतो, पण ते फाटलं की इंजिन तापून भर खाडीत बंद पडतं. राजपुरीच्या खाडीत, त्यातून उधाणाची ओहोटी असेल तर, बंद पडलेली होडी थेट समुद्राकडे ओढली जाते. तेव्हा उपयोगी पडतो तो नांगर, म्हणून त्याची दोरी पूर्ण उलगडून हाताखालून घाला.

ऑक्टोबरचं शांत पाणी फसवं असतं. परतीच्या पावसात दुपारनंतर विजांसह वारा उठतो. फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलं ते ११ नोव्हेंबर २००९ रोजी, म्हणजे सगळे पाऊस विसरल्यावर. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर भाडं सोडा.

आता विमा. अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ नुसार इंजिनावर चालणाऱ्या होडीला विमा लागतोच. पण नुसता कागद असून भागत नाही. घरच्यांना फिरवायची खासगी होडी म्हणून विमा घेतला आणि दिवाळीत भाडं घेऊन माणसं बसवली, तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. परवान्यापेक्षा जास्त माणसं घेतली तरी तेच. होडीचा वापर कसा, कुठपर्यंत आणि किती माणसांसाठी हे खरं खरं लिहून द्या. १९६३ च्या सागरी विमा कायद्याप्रमाणे, होडी समुद्रात न्यायच्या लायकीची नाही हे ठाऊक असून ती सोडली, तर त्या दोषामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनीवर राहत नाही. म्हणून तळ आधी, असं मी म्हणतो. दुरुस्तीच्या पावत्या आणि तारखेसह काढलेले फोटो जपून ठेवा.

काही जण पैसे वाचवायला पावसाळ्यात विमा बंद ठेवतात. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ याच श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यावर आदळलं होतं. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली म्हणजे ती वाचली असं नाही. शाकारलेल्या होडीलाही संरक्षण आहे का, हे लेखी विचारा.

प्रवाशांनाही एक विनंती. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत ‘नीलकमल’ या प्रवासी फेरीबोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, १५ माणसं गेली. फेरीतल्या अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हतं. जाकीट मागून घ्या, लेकरांना त्यांच्या मापाचं घाला. ते मिळालं नाही तर होडीत चढू नका.

आणि तांडेलांनो, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सुकाणाजवळ रंगवून ठेवा. अपघात झालाच तर आधी माणसं काढा, मग होडी आणखी बुडणार नाही एवढी खटपट करा, कारण नुकसान आवरणं हेही विमेदाराचं कर्तव्य आहे. कंपनीला त्याच दिवशी कळवा. त्यांचा सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत मोडलेली फळी फेकू नका.