तिकिटात जाणारी मजुरी

कन्नड तालुक्यातील पिशोरपासून छत्रपती संभाजीनगर पन्नास किलोमीटरहून अधिक दूर आहे. अशा गावातला भूमिहीन मजूर रोज जाऊन-येऊन शहरातल्या मजूर नाक्यावर उभा राहायचा म्हटला, तर महिन्याकाठी त्याच्या खिशातून किती जाते? हा हिशेब सरकार मांडत नाही, ठेकेदारही मांडत नाही. म्हणून तो आपणच मांडला पाहिजे.

२५ जानेवारी २०२५ पासून एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. साध्या गाडीच्या सहा किलोमीटरच्या टप्प्याला ८ रुपये ७० पैसे पडत होते, ते १० रुपये ५ पैसे झाले. अधिभार सोडून नऊच टप्पे धरले तरी एका वेळचे ९० आणि जाऊन-येऊन १८० रुपये होतात. महिन्यात २५ दिवस गेले, तर साडेचार हजार! नाक्यावर रोज काम मिळतेच असे नाही. २५ पैकी १८ दिवस काम मिळाले आणि मजुरी ६०० रुपये धरली, तर कमाई १०,८०० रुपये. म्हणजे शंभरातले चाळीसहून अधिक रुपये तिकिटातच गेले. काम न मिळालेल्या दिवसाचे तिकीटही त्यात आलेच.

सवलती आहेत ना, असे कोणी म्हणेल. जरूर आहेत. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. आमच्या मायबहिणींना तो मोठा आधार आहे. मासिक पासात वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस प्रवास करता येतो. परंतु त्यासाठी वरच्या हिशेबाने ३,६०० रुपये एकरकमी मोजावे लागतात. पगारदार ते मोजतो. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याने ते कोठून आणायचे? ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याला सवलत आणि ज्याच्याजवळ नाही त्याला पूर्ण भाडे, हा कुठला न्याय? शिवाय एस.टी. आलीच नाही, तर काळीपिवळीत ना अर्धे तिकीट, ना पास.

परवडत नसेल तर गावातच काम करा, असा सल्ला देणारेही आहेत. त्यांना गाव कळलेले नाही. बाबासाहेबांनी आपल्याला खेडी सोडून शहराकडे जाण्यास सांगितले, ते उगीच नव्हे. गावात मजुरी मालक ठरवतो आणि मजुराची पायरीही तोच ठरवतो. नाक्यावर निदान जात विचारून मजुरी ठरत नाही, भाव पटला नाही तर दुसऱ्याकडे जाता येते. शहरात खोलीचे भाडे झेपत नाही, म्हणून आमचा माणूस एस.टी.ने ये-जा करतो. हे तिकीट त्याच्या स्वाभिमानाचे तिकीट आहे. ते महागले की तो पुन्हा त्याच मालकाच्या बांधावर जाऊन उभा राहतो.

आता वेळेचे पाहू. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक पुढे आले आणि १९४६ साली त्याचा कायदा झाला. आज रोजचे तीन-चार तास प्रवासात गेले, तर ते वाचवलेले तास कोणी खाल्ले?

प्रवासाचा भार एकट्या मजुराचा नाही, हे तत्त्व नवे नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने पाच किलोमीटरपलीकडे काम दिल्यास दहा टक्के जादा मजुरीची तरतूद केली होती. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये नोंदणीकृत बांधकाम कामगारांना मोफत बसपास दिले. महाराष्ट्रातही बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे, बांधकामावरील उपकराचा पैसा त्याच्याकडे जमा होतो. मग त्यातून पास का नको?

आमच्या मागण्या सरळ आहेत. मासिक पासाची सवलत आठवड्याच्या हप्त्याने मिळावी. नोंदणीकृत मजुराचा पास मंडळाने भरावा. नाक्याच्या वेळेला पोहोचेल अशी सकाळची गाडी नेमाने सुटावी. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावचा हा हिशेब कागदावर मांडून आगारप्रमुख आणि कामगार आयुक्तांसमोर ठेवावा. मजुराची मजुरी त्याच्या घरी पोहोचली पाहिजे, ती वाटेतच संपता कामा नये.