तडजोडीवर सही कोणाची?

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि पुढे हे शहर बांधकामाच्या कंत्राटांवरच वाढत गेले. जागा उशिरा मिळणे, नकाशा बदलणे, काम वाढणे, यांवरून वाद होणारच. प्रश्न आहे तो ते न मिटण्याचा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. सरकारी अधिकारी मात्र ती चढण्यातच शहाणपण मानतो. तडजोडीवर त्याची सही असते. हरलेला दावा न्यायालयाच्या खाती जातो. दिलेल्या रकमेबद्दल लेखापरीक्षक आणि दक्षता विभाग जाब विचारतील; लांबलेल्या दाव्यावर चढलेल्या व्याजाबद्दल सहसा कोणी विचारत नाही. कंत्राटदाराचेही मन अडते. दाव्यातील फुगवलेला आकडा त्याला हक्काचा वाटू लागतो.

निश्चित तोटा टाळण्यासाठी माणूस अधिक मोठ्या तोट्याचा धोका पत्करतो, हे कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडले. आपली अपिले हा त्याचाच नमुना होय.

केंद्राच्या २०२३ मधील ‘विवाद से विश्वास २’ योजनेत लवादाच्या निवाड्यातील रकमेच्या ६५ टक्क्यांपर्यंत देऊन वाद मिटवण्याची तरतूद होती. माझ्या मते तिचे खरे मोल टक्केवारीत नव्हते. आकडा नियमाने ठरला, त्यामुळे सही करणाऱ्याच्या हेतूवर शंका घेण्यास फारशी जागा उरली नाही.

यापुढे प्रत्येक अपिलाच्या टिप्पणीत हरल्यास द्यावे लागणारे व्याज लिहिणे आणि तडजोडीचा निर्णय समितीने घेणे, एवढे तरी अनिवार्य व्हावे. न मिटवण्याच्या निर्णयाखालीही कोणाची तरी सही असावी.