‘आळशी’ हा शिक्का आणि दिसणारी वेळ

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर आहे, मुदत उद्या संपते आहे आणि तरीही हात पुढे होत नाही, हा अनुभव शिक्षकी पेशात अपरिचित नाही. काहींच्या बाबतीत मात्र तो क्वचितचा नसून रोजचा असतो. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक. या अवस्थेला वैद्यकात ‘एडीएचडी’ म्हणतात, हे त्याला चाळिशी उलटल्यावर कळले. तोवर घरीदारी मिळालेले प्रशस्तिपत्र एकाच शब्दाचे होते : आळशी.

वास्तविक, आवडत्या विषयात हीच माणसे तासन् तास रमतात. तेव्हा दोष केवळ इच्छाशक्तीचा कसा म्हणावा? अर्थशास्त्र सांगते की, उद्याच्या लाभाची किंमत माणूस आज काहीशी वटवूनच मोजतो. एडीएचडी असलेल्यांमध्ये हा वटाव सरासरीने अधिक असतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. शिवाय गेलेल्या व उरलेल्या वेळेचा अंदाजही त्यांना नीट येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांनी या कालांधत्वावर विशेष भर दिला आहे.

जे आतून जाणवत नाही ते बाहेर दिसले पाहिजे. अमेरिकेतील सिनसिनाटीच्या जॅन रॉजर्स यांनी 1994 मध्ये आपल्या लहान मुलीसाठी असे एक घड्याळ बनविले. त्यातील लाल तबकडी उरलेल्या मिनिटांबरोबर आक्रसत जाते. आपल्याला ही कल्पना परकी नाही. लग्नघरी पाण्यावर सोडलेले घटिकापात्र 24 मिनिटांत बुडे, आणि मुहूर्त किती दूर आहे हे साऱ्या मांडवाला दिसे.

प्रस्तुत लेखक आता वीस मिनिटांची तबकडी लावून पाचच उत्तरपत्रिका घेतो, मग उठून चहा घेतो. काम रंजक होत नाही. पण त्याला काठ दिसतो. हा उपचार नव्हे, औषधाला वा समुपदेशनाला पर्यायही नव्हे. सरकती तबकडी पाहून धास्तावणारेही असतात. त्यांच्यावर ती लादू नये.

प्रश्न संस्थांचा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणून सवलतीच्या आदेशाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. परीक्षेतील टोल गेलेला वेळ सांगतो; उरलेला वेळ दाखविणारी मोठी तबकडी प्रत्येक वर्गात लावण्यास फारसा खर्च येत नाही. कचेरीतही कंटाळवाण्या नोंदींचे काम लहान, मोजक्या टप्प्यांत वाटून देता येईल. याचा लाभ इतरांनाही होईलच.

चष्मा लावणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणत नाही. वेळ न दिसणाऱ्या मुलाला तरी का म्हणावे?