हिशेबाची वही : उचलीची सायकल

मुलांनो,

पावसाळ्यात आलेलं एक पत्र मी आजवर मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. का, ते शेवटी कळेल. आधी पत्र वाचा.

"ती. मावशी, शि. सा. न. वि. वि. मी नववीत आहे. आम्ही मुळशी तालुक्यात, पौड रस्त्यावर भुकूमजवळ राहतो. माझी आई पिरंगुटला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाते. तिच्या कंपनीत पाटी लागली आहे, की ज्यांना हवी असेल त्यांना कंपनी इलेक्ट्रिक सायकल घेऊन देईल. किंमत ३०,००० रुपये. पण आत्ता एक पैसासुद्धा द्यायचा नाही! पगारातून दर महिन्याला २,००० रुपये कापणार, पंधरा महिने. व्याज नाही. आईचे येण्याजाण्याचे रोज ४० रुपये वाचतील, म्हणजे सायकल फुकटच पडली ना? पण बाबा म्हणतात, फुकट काही नसतं. आजी म्हणते, घाटात ट्रक किती असतात बघितलंस का? दादा म्हणतो, घ्या, मीपण फिरवीन. तुम्ही हिशेब करून सांगा. माझं नाव मात्र छापू नका."

हिशेब मागितला की मावशीला राहवतंय होय! चला, काढा वह्या.

पहिला हिशेब पैशांचा. महिन्याला कामाचे दिवस २५. रोज ४० रुपये बसला नाहीतर सिक्स सीटरला जातात. २५ गुणिले ४०, म्हणजे १,००० रुपये. सायकल आली की हे वाचले. पण सायकलला वीज लागते. अशा सायकलीची बॅटरी साधारण ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवरची असते. दोन्हींचा गुणाकार करा. ३६० वॅट-अवर, म्हणजे एक युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून अर्धं युनिट धरू. युनिटला दहा रुपये धरले, तरी एकदा चार्ज करायला पाच रुपये. आईचं जाणं-येणं तेरा किलोमीटर. दोन दिवसांनी एकदा चार्ज केलं तर महिन्याला तेरा वेळा. ६५ रुपये. म्हणजे खरी बचत ९३५ रुपये.

आता ३०,००० भागिले ९३५. उत्तर बत्तीस महिने. आणि मुळशीचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको! जुलै-ऑगस्टमध्ये सायकल घरीच राहणार. म्हणजे वर्षाचे दहाच महिने मोजायचे. सव्वातीन वर्षं झाली की सायकलीचे पैसे सुटणार. तोवर टायर, ब्रेकचे रबर आलेच. शिवाय तीन-चार वर्षांत बॅटरीचा दम कमी होतो आणि नवी बॅटरी काही हजारांना पडते. तेव्हा बाबांचं म्हणणं बरोबर, फुकट काही नसतं. पहिले पंधरा महिने तर घरात दर महिन्याला हजाराहून जास्त रुपये कमीच येणार. एखाद्या घरात हजार रुपये म्हणजे किराण्याची अर्धी यादी असते, बरं का.

दुसरा हिशेब घाटाचा. हा विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल. साधारण माणूस बराच वेळ पायडल मारत राहिला, तर त्याच्या पायांतून पाऊणशे ते शंभर वॅट शक्ती निघते. सायकलीची मोटर २५० वॅटची. म्हणजे आईच्या मागे आणखी अडीच-तीन जण ढकलायला उभे! समजा, घाट १०० मीटर उंच चढतो आणि आई व सायकल मिळून ८० किलो वजन आहे. वजन, गुरुत्वाकर्षणाचे ९.८ आणि उंची यांचा गुणाकार केला की ७८,४०० ज्यूल येतात. एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल असतात. म्हणजे एका युनिटच्या शेहेचाळिसाव्या हिश्शात घाट चढून झाला! मोटरची उष्णता, वारा, रस्त्याचं घर्षण यांसाठी ते दुप्पट करा. तरी बॅटरीचा आठवा हिस्सा सुद्धा पुरतो.

हेच गणित उलटं केलं की तुमच्या मुळशीचं धरण समजतं. वर चढायला शक्ती लागते, तशी खाली पडताना शक्ती मिळते. मुळशीच्या तलावाचं पाणी सह्याद्रीच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यात भिऱ्याला सुमारे ५०० मीटर खाली सोडतात आणि तिथे वीज तयार होते. ही वीज मुंबईला गेली. पण त्यासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. वीज स्वस्त वाटते तेव्हाही कुणी तरी तिची किंमत मोजलेली असते, हे मुळशीच्या मुलांना तरी माहीत हवं.

तिसरा हिशेब कागदाचा. तो आई-बाबांनी वाचावा.

कंपनी सायकल देते म्हणजे नेमकं काय देते? अशीच एक योजना इंग्लंडात १९९९ पासून आहे. माझा भाचा तिथे लीड्सला नोकरी करतो. त्याने याच मार्गाने सायकल घेतली. तिथे सायकल मालक विकत घेतो आणि कामगाराला भाड्याने देतो. भाडं पगारातून कापतात, तेही कर मोजण्याच्या आधी. त्यामुळे कर कमी बसतो आणि सायकल खरोखरच स्वस्त पडते. पण मुदत संपली तरी सायकल आपोआप आपली होत नाही, आणखी थोडी रक्कम भरावी लागते. भाच्याला हे शेवटी कळलं आणि तो चक्रावला!

आपल्याकडे करात अशी सवलत देणारी सायकल योजना नाही. आपल्याकडे जुनी पद्धत आहे ती उचल देण्याची. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पूर्वी सायकलीसाठी अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम मिळायची आणि ती पगारातून हप्त्याहप्त्याने वळती व्हायची. तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांची सायकल अशीच आली असेल. विचारून बघा. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ मध्ये ती सोय बंद झाली.

तर पिरंगुटच्या कंपनीची पाटी म्हणजेही उचलच. उचल हा शब्द तुम्ही ऊसतोड कामगारांच्या बाबतीत ऐकला असेल. हंगामाच्या आधी मुकादमाकडून पैसे घ्यायचे आणि कामातून फेडायचे. फिटेपर्यंत माणूस बांधलेला. सायकलीची उचल तितकी जड नाही, पण गाठ त्याच जातीची. म्हणून सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत.

एक : पावती कुणाच्या नावावर? आईच्या की कंपनीच्या?

दोन : नोकरी सुटली किंवा कंपनीनेच काढलं, तर उरलेले पैसे एकदम कापणार की हप्त्याने घेणार? सायकल परत केली तर चालेल का?

तीन : सायकल चोरीला गेली किंवा बॅटरी बिघडली, तर हप्ते चालूच राहणार का? गॅरंटी कुणाकडे मागायची?

चार : पगारातून आणखी काय काय कापलं जातंय? सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत, असा नियम २०१९ च्या वेतन संहितेत आहे.

आणि उत्तरं तोंडी नकोत, कागदावर हवीत. "अहो, बघू की नंतर" हे उत्तर नव्हे!

आता दादासाठी दोन शब्द. मोटर २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर कायद्याने ती मोटारगाडी ठरत नाही. लायसन्स नको, नंबर प्लेट नको. पण काही दुकानांत वेगाची मर्यादा काढून देतात. ती काढली की कायद्याच्या नजरेत तीच सायकल मोटारगाडी होते, आणि चालवणारा होतो विनापरवाना. अपघात झाला तर त्याचा भुर्दंड घराला. तेव्हा दादा, फिरव, पण आईला विचारून, हेल्मेट घालून आणि आहे त्याच वेगात.

एवढं सगळं लिहून झालं आणि मी पत्र पुन्हा वाचलं. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. तुमच्या आली का? पत्रात बाबा काय म्हणतात ते आहे. आजी काय म्हणते ते आहे. दादाचंही आहे. ज्या बाईला रोज घाट ओलांडून कामाला जायचं आहे, ती काय म्हणते, ते कुठेच नाही!

म्हणून मी हिशेब छापायला दिला नाही. आधी त्या मुलीला एक पोस्टकार्ड टाकलं. "बाळ, आईला काय वाटतं, ते विचारून कळव. आणि हे चार प्रश्न तिच्या हाती दे."

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. त्यातला थोडा भाग तिच्या परवानगीने देते.

"मावशी, तुमचं कार्ड आलं आणि मला लाज वाटली. मी आईला विचारलंच नव्हतं. रात्री भांडी घासताना विचारलं. आधी म्हणाली, तुमचं काय ठरेल ते. मी म्हटलं, नाही, तुझं सांग. मग म्हणाली, पैशाचं जाऊ दे. सुटी साडेपाचला होते. बस भरून येते, थांबत नाही. सिक्स सीटर भरल्याशिवाय निघत नाही. थंडीत अंधार लवकर पडतो. फाट्यावर एकटी उभी असते तेव्हा जीव नुसता टांगणीला लागतो. घरी यायला सव्वासात होतात. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

"आईने ऑफिसात चार प्रश्न विचारले. साहेब आधी हसले. पण आणखी तिघीजणींनी तेच विचारलं, मग त्यांनी कागद करून दिला. पावती आईच्या नावावर. नोकरी सुटली तर उरलेले हप्ते महिन्याच्या महिन्याला भरायचे. आणि बाबांनी सुचवलं म्हणून आईने हप्ता १,५०० करून मागितला, वीस महिने. तोही मिळाला. आजी अजून घाबरते. म्हणून एका रविवारी बाबा आणि आई कंपनीतली सायकल मागून घेऊन घाटात जाऊन आले. चढ सोपा गेला. उताराला आई घाबरली, कारण सायकल जड आहे, ब्रेक आधीपासून हळूहळू दाबावे लागतात. बाबांनी पुढचे दोन रविवार तेवढंच शिकवलं. आता आई सव्वासहाला घरी असते. आजी दारात उभी असते, पण काही बोलत नाही."

मुलांनो, आता माझा हिशेब पुन्हा मांडते. हप्ता १,५००, बचत ९३५. वीस महिने घरात दरमहा ५६५ रुपये कमी. हे खर्चाच्या बाजूला. जमेच्या बाजूला रोजचा एक तास, महिन्याचे पंचवीस तास. आणि अंधारात फाट्यावर उभं न राहणं, ते कोणत्या रकान्यात लिहायचं? मला तरी त्याचा आकडा सापडला नाही. पण म्हणून ते वहीत लिहायचंच नाही, असं नाही. आकडा नसलेली ओळही हिशेबात असते.

आजीची भीतीही खोटी नाही हं. पौड रस्त्यावर मोठ्या गाड्या असतात. म्हणून मागे लाल दिवा, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट हवंच. जोराच्या पावसात आणि दाट धुक्यात सायकल घरी. चार्जर सायकलीबरोबर आलेला तोच वापरायचा, बॅटरी भिजली असेल तर चार्जिंगला लावायची नाही, आणि रात्रभर उशाशी चार्जिंग तर मुळीच नाही.

या आठवड्याचा उद्योग : घरातलं कुणी कामावर कसं जातं, ते लिहून काढा. किती किलोमीटर, किती रुपये, किती मिनिटं. मग त्यांनाच विचारा, "या वाटेत सगळ्यात त्रासाचं काय?" उत्तर ऐकून घ्या. मधे बोलू नका. आणि मला कळवा.

तुमची,
मावशी