फॉरमॅटला नकार देणारी हार्ड डिस्क

पूर्वी पेढीचा हिशेब लाल चोपड्यांत राही. आज तो तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्ये राहतो. ही डिस्क फॉरमॅट होईना, की घरातील तरुण लगेच उपायांच्या मागे लागतात. त्याआधी एवढेच विचारावे : आतील हिशेबाची दुसरी प्रत आहे काय? जीएसटी कायद्यानुसार हिशेबपत्रके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. प्रत नसेल, तर काही न करता डिस्क जाणकाराकडे द्यावी.

प्रत असेल, तर प्रथम केबल आणि पोर्ट बदलून पाहावे. अपुऱ्या विजेमुळेही डिस्क अडते. मग विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जुने विभाग काढून नवा करावा. तेथेही नकार आला, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘डिस्कपार्ट’ उघडावे व इंग्रजी अक्षरांत आज्ञा द्याव्यात. ‘लिस्ट डिस्क’ने यादी पाहून आकारावरून आपली डिस्क ओळखावी. ‘सिलेक्ट डिस्क’पुढे तिचा क्रमांक लिहावा. ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’ने लेखनबंदी उठवून ‘क्लीन’ द्यावे. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये परतून नवा विभाग करावा व तो ‘एनटीएफएस’मध्ये फॉरमॅट करावा.

‘क्लीन’ पुन्हा विचारीत नाही. क्रमांक चुकला, तर शेजारचीच डिस्क रिकामी होते. चालण्या-बोलण्यात सांगितलेली जयणा येथेही हवी. इतर डिस्क आधीच काढून ठेवाव्यात.

एवढ्यानेही त्रुटी आली किंवा डिस्क टकटक वाजू लागली, तर ती झिजली असे समजावे. तिच्यावर पुन्हा हिशेब सोपवू नये.